इंग्रजी ‘स्प्रिंग’साठी स्लोव्हेनियनमध्ये तीन शब्द दिसतात, त्यातला बरोबर कोणता?

तिन्ही बरोबर आहेत, फक्त अर्थ वेगळे: वसंत ऋतू म्हणजे ‘पोमलाद’, गादीतली किंवा पेनातली स्प्रिंग म्हणजे ‘व्झमेत’ आणि पाण्याचा उगम म्हणजे ‘इझविर’. इंग्रजीत हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत, स्लोव्हेनियनमध्ये तसे नाही. म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये सुटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. मिळालेला शब्द स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथल्या फ्रान रामोव्श भाषासंस्थेच्या ‘फ्रान’ या मोफत ऑनलाइन शब्दकोशात पडताळून घ्या (नोंदी स्लोव्हेनियनमध्येच आहेत, पण उदाहरणांवरून अंदाज येतो). ‘वसंतात’ म्हणायचे असेल तर ‘स्पोमलादी’ हा तयार शब्द आहे, तोच वापरा.

असेच फसवणारे आणखी काही:

- लेटर: पत्र असेल तर ‘पिस्मो’, अक्षर असेल तर ‘चर्का’
- नेल: बोटाचे नख ‘नोहत’, भिंतीतला खिळा ‘झेबेल’
- की: कुलपाची किल्ली ‘क्ल्यूच’, कीबोर्डवरचे बटण ‘तिप्का’
- डेट: तारीख ‘दातुम’, दोघांची भेट ‘झ्मेनेक’, खजूर ‘दातेल’

मात्र दर वेळी शब्द वेगळा होतोच असे नाही. ‘क्रेन’ पक्षी असो वा बांधकामावरचे यंत्र, दोन्हींना ‘झेर्याव’च म्हणतात. फरक व्याकरणात दिसतो: ‘मला क्रेन दिसते’ या वाक्यात पक्षी सजीव म्हणून ‘झेर्यावा’ होतो, यंत्र ‘झेर्याव’च राहते. हे अ‍ॅपला नेहमी जमेलच असे नाही.