रस्त्यावरच्या मुलांसाठी पाद्री लोक काम करतात, त्यातून खरंच काही निघतं की सगळा धर्मांतराचा डाव असतो?

सगळ्यांचं मी कसं सांगणार? एकाचं काम पाहिलंय, तेवढं सांगतो.

कामानिमित्त दीडेक वर्ष मादागास्करच्या राजधानीत, अंतानानारिव्होत होतो. तिथे फुटपाथवर राहणाऱ्यांना ‘कात्र-मी’ म्हणतात. कात्र म्हणजे फ्रेंचमध्ये चार. जुगार, दारू, नशा, बाहेरख्यालीपणा, या चारही गोष्टींची मलागासी क्रियापदं ‘मी’ने सुरू होतात, त्यावरून हे नाव. सहा वर्षांच्या पोराच्या कपाळीसुद्धा चारही शिक्के!

फादर पेद्रो ओपेका मूळचे अर्जेंटिनाचे. आईवडील स्लोव्हेनियातून परागंदा झालेले. वडील गवंडी, त्यांच्याच हाताखाली पेद्रो विटा रचायला शिकले. १९८९ साली शहराजवळच्या अंद्रालानित्रा कचरा डेपोवर डुकरांशी झोंबत उष्टं वेचणारी मुलं त्यांनी पाहिली. देवनार पाहिलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको.

दुसऱ्या कुणी अनाथाश्रम काढला असता. पण यातल्या कितीतरी मुलांना आईबाप होते, नव्हतं ते घर आणि काम. म्हणून ओपेकांनी आईबापांनाच हाताशी धरलं. ‘अकामासोआ’ उभं राहिलं, अर्थ चांगले मित्र. अट सरळ: धडधाकट माणसाने राबायचं, मुलांनी शाळेत जायचं. फुकट वाटपाचं फादरना वावडं. म्हातारी, आजारी माणसं आणि मुलं तेवढी सोडून. विटांची हजारो घरं लोकांनी स्वतः बांधली. शाळांत दहा हजारांहून जास्त मुलं शिकतात.

धर्मांतराचं म्हणाल, तर तिथल्या राणीनेच १८६९ साली बाप्तिस्मा घेतला होता, तोही प्रॉटेस्टंट पंथाचा. ओपेका कॅथलिक. रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, हजारो लोक जमतात, नाचतात, गातात. धर्म काही लपवलेला नाही. पण वस्तीतली घरं मोजताना मला पंथ आठवला नाही, एवढं खरं.

एक मात्र खटकलं. अकामासोआच्याच महाताझाना इथल्या दगडखाणीत बायका उन्हात बसून हाताने खडी फोडतात, आपल्याकडे वडार बायका फोडायच्या तशी. डेपोपेक्षा बरं, हे मान्य. पण ‘कष्टाची भाकरी’ म्हणून त्याचं कौतुक करायला माझी जीभ रेटेना. मी एका बाईजवळ थांबलो. दगड उडू नये म्हणून तिने भोवती टायरच्या रबराचं कडं धरलं होतं, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तेवढ्यात शाळा सुटून गणवेशातली तिची मुलगी आली, शेजारी बसली आणि सहज तिने हातोडी उचलली. आईने फाडकन तिच्या हातावर मारलं, हातोडी काढून घेतली आणि दप्तराकडे बोट दाखवलं.