20 वर्षांच्या दिव्यांग मुलाला आधारासह प्रत्यक्ष काम कसे मिळवून द्यावे?

आपला मुलगा 20 वर्षांचा आहे, त्याला सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व आहे, 18 पूर्ण होताच त्याची विशेष शाळा सुटली आणि आता तो अमळनेरला घरी मोबाइल पाहत बसून असतो. त्याला कोणाच्या तरी आधाराने काम करता येईल का, आणि त्याआधी आणखी एखादा कोर्स करून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी जळगाव जिल्ह्यातील एका विशेष शाळेच्या कार्यशाळेत निदेशक आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: कोर्ससाठी थांबू नका.

आमच्या कार्यशाळेत मुले पणत्या रंगवतात, उदबत्त्यांची पाकिटे भरतात, कागदी पिशव्या चिकटवतात, आणि त्यांतली काही तिशी ओलांडली तरी ‘प्रशिक्षणार्थी’च राहतात. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी अनेकदा आपोआप वापरता येत नाही; टेबल बदलले, आवाज बदलला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणूनच ‘आधी शिकवा, मग कामाला लावा’ हा क्रम उलटा करून, आधी खऱ्या कामाच्या जागी न्यायचे आणि तिथेच शिकवायचे ही पद्धत अमेरिकेत 1970 आणि 1980च्या दशकांत रुजली. सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात 1996 साली सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट सर्च’मध्ये तरुण मुले शाळेचे शेवटचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयातच काढतात आणि तीन निरनिराळ्या विभागांत आळीपाळीने काम करून पाहतात. आपल्याकडे रुग्णालय नसले तरी केळीची शेड आहे.

चोपडा तालुक्यातील अशाच एका शेडमध्ये आमचा 19 वर्षांचा एक विद्यार्थी आम्ही पाठवला. तिथे घडापासून फण्या सोडवतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, वजन करतात आणि खोक्यांत भरतात. धारदार कोयता आणि ओली फरशी पाहून मी त्याच्यासाठी खोकी उभी करण्याचे काम निवडले. त्याला नेण्यापूर्वी दोन तास मी स्वतः ते काम केले आणि वहीत त्याच्या पायऱ्या लिहून काढल्या: सपाट पुठ्ठा उचलणे, उघडणे, तळाच्या चार पट्ट्या ठरावीक क्रमाने दुमडणे, खोके उलटे करणे, आत प्लास्टिकचा कागद अंथरणे, आणि शेवटी थप्पी लावणे. प्लास्टिकच्या कागदापाशी तो नेहमी अडायचा, कारण मी ‘इथे लाव’ म्हणत असे आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत राही. शेजारी फण्या पुसणारी मावशी ‘आठे’ (अहिराणीत ‘इथे’) म्हणाली की त्याचा हात लगेच चाले. त्याच्या घरी अहिराणी बोलतात, हे माझ्या नोंदवहीत होते आणि माझ्या डोक्यात मात्र नव्हते. थप्पीत किती खोकी झाली हे त्याला मोजता येत नाही. मुकादमाने भिंतीवर गेरूची एक रेघ ओढली आणि थप्पी रेघेला टेकली की दुसरी सुरू करायची, एवढेच त्याला दाखवले. मोजणीचा प्रश्न त्या दिवशी संपला. कार्यशाळेत आम्ही त्याच मुलाला चार वर्षे मणी मोजायला लावत होतो.

माझी चूक पुढे झाली. सहा आठवडे मी त्याच्या शेजारून हललेच नाही. मुकादम जे काही सांगायचे ते मला सांगे आणि मी ते त्याला सांगे. चहासुद्धा माझ्या हातात देऊन ‘त्याला द्या ताई’ म्हणत. मग मला टायफॉइड झाला. मी नसताना तो तीन दिवस पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर नुसता बसून राहिला, त्याला कोणी हाकच मारली नाही, आणि चौथ्या दिवसापासून तो गेलाच नाही. दोष शेडमधल्या माणसांचा नव्हता. त्यांच्या आणि त्याच्या मध्ये मीच भिंत होऊन उभी होते. दुसऱ्या खेपेला मी त्याच्याऐवजी त्या मावशीला पायऱ्या समजावल्या, पहिल्या आठवड्यात जवळ थांबले, दुसऱ्यात वजनकाट्यापाशी बसले, तिसऱ्यात फाटकाबाहेर, आणि त्यानंतर पंधरवड्यातून एक फेरी ठेवली. म्हणून आपण जागा पाहायला जाल तेव्हा शेठ किती दयाळू आहे यापेक्षा मुलाच्या शेजारी कोण काम करणार आहे, ते आधी पाहा. ‘येऊ द्या, त्याचे मन रमेल’ म्हणणारे मालक वाईट नसतात, पण तिथे फुकट काम वर्षभर चालते. शिकाऊ काळ किती आठवड्यांचा आणि त्यानंतर मजुरी किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. मजुरी त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या.

कागदपत्रांत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) लागतेच. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान चालू असेल तर त्याला उत्पन्नाची मर्यादा असते, तेव्हा मजुरी सुरू होण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारून घ्या. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली सज्ञान मुलाच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो, मात्र कामाला लागण्यासाठी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सरकारी पदांसाठी 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यातील 1 टक्का बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार अशा गटासाठी आहे. परंतु आपल्या मुलासारख्यांना स्पर्धा परीक्षेचे दार फारसे उघडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. खासगी आस्थापनेत 20 किंवा अधिक माणसे असतील तर तिने समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. हे मालकाला दरडावण्यासाठी वापरू नका, बोलणे सुरू करायला मात्र ते उपयोगी पडते.

अमळनेरात डाळ मिलचे पॅकिंग, बेकरी, रोपवाटिका, किराण्याचे घाऊक दुकान अशा तीन-चार जागी प्रत्येकी आठवडाभर त्याला काम करून पाहू द्या. कोणत्या जागी तो सकाळी आपणहून चप्पल घालतो, ते आपल्याला घरीच कळेल. शक्यतो चालत जाता येईल अशी जागा निवडा. सुरुवात मे महिन्यात मात्र करू नका. आपल्याकडे तेव्हा पारा 44-45 अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये धडधाकट माणसेही दांड्या मारतात, आणि मुलगा उन्हामुळे जात नाही की काम जमत नाही म्हणून, हेच आपल्याला ओळखता येणार नाही.