नातवाच्या शाळेत सामोअन आठवडा

प्रश्न : लेक ऑकलंडला असते. नातवाच्या शाळेत सामोअन भाषेचा आठवडा चाललाय, पोरगं फोनवर आम्हाला तालोफा म्हणतंय. आपल्या पोराचा त्यात काय संबंध? – एक आजी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आहे की संबंध आजी, वर्गात शेजारी बसणारी पोरंच सामोआ, टोंगा, फिजी, कुक या प्रशांत महासागरातल्या बेटांकडच्या घरांतली असतात तिकडं, त्या सगळ्यांना मिळून पॅसिफिका म्हणतात, माओरी मात्र वेगळे हां, ते मूळचे तिथलेच. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी एकेका भाषेचा आठवडा असतो. तालोफा म्हणजे सामोअन नमस्कार, टोंगन असेल तर मालो ए लेलेई, फिजीत बुला. ऑकलंडचा पॉलिफेस्ट तर १९७६ पासून चालू आहे, हायस्कूलची पोरं आपापले नाच-गाणी स्टेजवर करतात, आपल्या गॅदरिंगपेक्षा कितीतरी मोठं प्रकरण. आणि फिजी काय अगदीच परकं नाही, १८७९ ते १९१६ मध्ये गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, भारतातनं साठ हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत नेली, त्यांची फिजी हिंदी आजही बोलतात. नुसता नाच आणि खाऊ झाला तर मला ते अर्धवट वाटतं, मित्राच्या आजीला वर्गात बोलवून गोष्ट ऐकली तर खरं. २७ फेब्रुवारीला मराठीसाठी एक तास मिळतो का, लेकीला शाळेत विचारायला सांगा, गोष्ट तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगा.