सत्तरीच्या आई-वडिलांना पॉम्पेई दाखवण्यात अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की रोमपर्यंत जातोच आहोत, तर आई-वडील आणि मुलांना घेऊन एक दिवस पॉम्पेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या जुन्या रोमन गावाला, द्यावा का, की 'त्या पडक्या भिंतींत त्यांना काय कळणार'. नेमकं हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

जा. खुशाल जा.

जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. शिक्षण सातवीपर्यंत. दादाचं म्हणणं, त्यांना स्वित्झर्लंडचा बर्फ दाखव, फोटो काढ आणि परत आण. अवशेष बघायला इतिहास वाचलेला लागतो. मी ऐकलं नाही.

पॉम्पेईत फोरमच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, खांबांपाशी अण्णा गप्पच होते. मग आम्ही एका बेकरीत शिरलो. आत दगडी जाती, उंचीला चांगली छातीपर्यंत. अण्णा तिथून हलेचनात. खालचा दगड शंकूसारखा आणि त्यावर बसवलेला वरचा दगड डमरूच्या आकाराचा. वरून दाणे ओतायचे, बाजूच्या खाचांत लाकूड अडकवायचं आणि गाढव जुंपून गोल फिरवायचं, एवढं गाइडने सांगितलं. पुढचं अण्णांनी. ज्वालामुखीच्या या दगडाला अंगचीच बारीक भोकं आहेत, म्हणजे झिजला तरी खरखरीत राहणार, टाकी मारायचं काम कमी. भोवतीची फरशी बघ कशी घट्ट बसवलीय. जनावर रोज त्याच रिंगणात फिरलं तर मातीत चर पडतो. वरचा दगड खालच्यावर पूर्ण टेकू देत नसणार, नाहीतर पिठात कच येते; आत खुंटा असलाच पाहिजे. गाइडला इंग्रजीत विचारलं, तर खुंटा होताच. मग तीच उलट अण्णांना प्रश्न विचारायला लागली आणि मी मधे दुभाषी.

आईला रस्त्यावरची खाणावळ आवडली. ओट्यातच रांजण पुरलेले, तोंडं वर उघडी. मुलं रस्ता ओलांडायच्या उंच दगडांवरून उड्या मारत सुटली. त्या दगडांमधल्या फटी गाडीची चाकं जायला ठेवलेल्या आहेत, हे त्यांना चाकोऱ्या बघून आपोआप कळलं. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाव गाडलं, तेव्हा एका भट्टीत राहिलेले ८१ पाव कोळसा होऊन टिकले, हे ऐकल्यावर तर ती भट्ट्याच शोधत फिरली.

जवळच्या नेपल्स शहरातलं पुरातत्त्व संग्रहालयही बघाच. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंताची भारतीय मूर्ती तिथे आहे, जेमतेम वीतभर. लक्ष्मी म्हणतात, पण ती यक्षी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आमच्या भोकरदनच्या उत्खननात निघाली, त्यामुळे ही तिकडेच घडली असावी असंही एक मत आहे. भोकरदनच्या बाजाराला जन्मभर गेलेल्या माणसाला तिथे 'काही कळणार नाही' म्हणणारा माझा भाऊ एमए आहे, तेही इतिहासात.

आता पॉम्पेई झेपण्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नेऊ नका, सावली जवळजवळ नाही. रस्ते ओबडधोबड दगडांचे, चपला चालणार नाहीत. पोर्ता मारीनाच्या दाराला चढ आहे. गुडघे दुखत असतील तर पियाझ्झा अँफितेआत्रोच्या दाराने आत जा, व्हीलचेअरला चालेल असा सोपा मार्ग तिथूनच सुरू होतो. तिकिटावर नाव लागतं आणि रोज २०,००० लोकांनाच सोडतात, म्हणून आधीच काढा. अठराच्या आतल्यांना तिकीट फुकट. नेपल्सहून जाणाऱ्या लोकल गाडीत पाकीट सांभाळा. एवढं चालणं खरंच होणार नसेल तर व्हेसुव्हियसनेच गाडलेलं दुसरं गाव हर्क्युलेनियम बघा: आटोपशीर आहे, काही घरांचे वरचे मजलेसुद्धा शाबूत आहेत. रोमबाहेर पडायचंच नसेल तर ओस्तिया अँतिका, जुन्या रोमच्या बंदराचे अवशेष, बरीचशी सपाट जागा.

मुलं किती लहान आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाबागाडीतली असतील तर गाडी हॉटेलवरच ठेवा, मुलांना कडेवर घ्या. आणि वडील काय काम करायचे तेही लिहिलेलं नाही. सुतार, गवंडी, हलवाई, वाणी, काहीही असू द्या, त्यांच्या धंद्याची जागा त्या गावात आहे. गाइड ठरवताना तिला तेच आधी सांगा, म्हणजे ती सरळ तिकडे नेईल.