सायकलच्या दुरुस्तीला दुकान की मित्र? आधी बिल फोडून पाहा

प्रश्न : मी कोथरूडला राहते आणि पुणे स्टेशनजवळ नोकरी करते. पगार हातात ३८,००० येतो. आठ महिन्यांपासून स्कूटर घरी ठेवून गिअरच्या सायकलने जाते, जाऊन-येऊन १८ किलोमीटर होतात. आता ब्रेक दाबला की खरखर होते, चेनही कुरकुरते, पण अजून घसरत नाही. दुकानदाराने ५,२०० रुपयांचा अंदाज दिला आहे. रविवारी एकत्र सायकल चालवणारा आमचा ग्रुप म्हणतो, "दुकानात कशाला पैसे घालतेस, आम्ही करून देतो." दुकानात द्यायचे तर या महिन्याची ३,००० रुपयांची एसआयपी थांबवावी लागेल. काय करू?

उत्तर : एसआयपी थांबवू नका. त्याची गरजच पडणार नाही, कशी ते सांगतो.

तुम्ही अंदाजपत्रकाचा फोटो पाठवलात ते फार बरं झालं. सर्व्हिसिंगची मजुरी १,५००, चेन ९५०, कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) १,६५०, डिस्क ब्रेकचे पॅड ६०० आणि केबली ५००. म्हणजे ५,२०० मधले ३,७०० पार्टचे आहेत. ते मित्रांकडे गेलात तरी तुम्हालाच आणावे लागणार. मित्रांमुळे वाचतील ते फक्त १,५००. तुमच्या मनात तुलना चालली आहे ती ५,२०० विरुद्ध शून्य अशी, आणि तिथेच गफलत होते.

आता या १,५०० मध्ये काय मिळतं ते बघू. दुकानदार छर्रे उघडून ग्रीस भरतो, चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढतो, हेडसेटचा, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्याचा, खुळखुळ घालवतो, ब्रेक आणि गिअर जुळवून देतो. ही कामं हाताला सवय असलेल्यानेच करावीत. शिवाय दोन दिवसांनी ब्रेक पुन्हा लागेनासा झाला, तर तुम्ही हक्काने त्याच्या दारात उभ्या राहू शकता. मित्राच्या दारात तसं उभं राहता येत नाही. तो आपला रविवार खर्च करून आलेला असतो, त्याला "नीट झालं नाही" असं तोंड वर करून कोण सांगणार?

हे मी अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राने मोठ्या हौसेने माझी सायकल उलटी ठेवून चेनवर स्प्रे मारला. त्यातलं थोडं तेल मागच्या डिस्कवर उडालं, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकातून खाली उतरताना मागचा ब्रेक दाबतोय तर चाक धरायलाच तयार नाही. पुढच्या ब्रेकवर कशीबशी सायकल थांबवली, आणि नंतर फुटपाथवर बसून राहिलो तेव्हा हात थरथरत होते. तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घ्यावे लागले. ते पैसे मी भरले, आणि मित्राला हे कधीच सांगितलं नाही. फुकट मदतीचा खर्च कुठे लपलेला असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. काम चुकलं तर काय होईल, हे आधी विचारा. पंक्चर नीट निघालं नाही तर हवा जाईल, अर्धा किलोमीटर सायकल ढकलावी लागेल. असं काम मित्रांकडून शिकून घ्या, खुशाल. ब्रेक चुकला तर जिवाशी गाठ आहे, तिथे १,५०० रुपये वाचवू नका.

तुमच्या बाबतीत खर्च दोन महिन्यांत विभागता येतो. या महिन्यात दुकानातून पॅड, केबली आणि सर्व्हिसिंग करून घ्या, २,६००. चेन आणि कॅसेट पुढच्या महिन्यात, तेही २,६००. झिजलेली चेन आणि तिच्याबरोबरच झिजलेली कॅसेट एकमेकींना सरावलेल्या असतात, म्हणून जोर लावल्यावर चेन घसरत नसेल तर महिनाभर चालेल. घसरायला लागली तर मात्र थांबू नका, भर रस्त्यात पॅडल मोकळं फिरलं की तोल जातो. आणि नुसती नवी चेन झिजलेल्या कॅसेटवर चढवू नका, ती बहुधा घसरेल.

एसआयपीचे ३,००० घालून ५,२०० होणार होते, म्हणजे २,२०० तुमच्याजवळ आहेतच. कमी पडतात ४००. आता पेट्रोलचा हिशेब करा. महिन्याचे २२ दिवस धरले तर ३९६ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर महिन्याला सव्वानऊशे रुपये वाचतात, हे ४०० त्यातूनच निघतील. आठ महिन्यांत सात हजारांच्या वर वाचले, पण ते वेगळे न काढल्यामुळे खात्यात विरघळून गेले. पुढच्या महिन्यापासून पगाराच्या दिवशीच ५०० रुपये सायकलच्या नावाने बाजूला टाका. साधं आवर्ती ठेव खातं पुरे, हे पैसे म्युच्युअल फंडात घालू नका. वर्षाला ६,००० होतील. दोन सर्व्हिसिंग आणि एखादी चेन त्यातून आरामात निघेल.

चेन-कॅसेट बसवायला पुढच्या महिन्यात मित्रांकडे जरूर जा. ग्रुपमध्ये कुणाकडे कॅसेट काढायचा पाना असेलच, तो तुम्ही एका वेळेसाठी विकत घेण्यात अर्थ नाही. फक्त पाना तुमच्या हातात घ्या आणि मित्राला शेजारी बसवा. त्याने करून दिलं तर तुमचे एकदाच पैसे वाचतील, तुम्ही शिकलात तर दर वेळी. त्याला मिसळ खायला घाला, तो खर्चही हिशेबात धरा. पार्ट ऑनलाइन मागवणार असाल तर मागे कॅसेटवर किती चकत्या आहेत ते मोजून त्याच गिअरची चेन घ्या. आठच्या जागी दहाची आली तर स्वस्त पडलेली वस्तू घरात पडून राहते.

एक गोष्ट मात्र मला खटकली. कॅसेटचे हे १,६५० बहुधा वाचले असते. नव्या चेनच्या २४ कड्यांचं अंतर बरोबर १२ इंच असतं. स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर लावा आणि चोविसावी कडी संपते तिथली पिन बघा. ती १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच सरकली असेल तर चेन लगेच बदला, बहुतेक वेळा कॅसेट वाचते. एक-अष्टमांश सरकली तर कॅसेटही गेली म्हणून समजा. महिन्यातून एकदा मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आत्ता दुकानात जाण्याआधी तुमचीही चेन मोजून बघा. कदाचित कॅसेट बदलायची गरजच नसेल, आणि तसं असेल तर चेन याच महिन्यात बदला, पुढे ढकलू नका.

दुकानात सायकल देताना काम आणि रक्कम लिहून घ्या, यादीबाहेरचं काही करायचं असेल तर आधी फोन करायला सांगा, आणि काढलेले जुने पार्ट परत मागा. जुना पॅड हातात घेऊन बघितलात की पुढच्या वेळी कधी बदलायचा, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.