कोकराच्या पाठीची सोनोग्राफी करावी का?

जत तालुक्यातल्या एका मेंढपाळ भावानं विचारलंय, साहेब इंग्लंडचा व्हिडिओ बघितला, कोकराच्या पाठीवर मशीन लावून अंगात मटण किती ते सांगतात, माझ्याकडं ४० माडग्याळ जातीच्या मेंढ्या आहेत, पैदाशीचा नर असा निवडता येईल का?

दादा, व्हिडिओ खरा आहे. तिकडं साधारण ५ महिन्यांच्या कोकरांचं करतात, कमरेच्या तिसऱ्या मणक्यावर लोकर बाजूला सारून तेल नाहीतर जेल लावायचं, प्रोब (मशीनचा अंगाला लावायचा भाग) टेकवला की पाठीच्या मांसाची जाडी आणि त्यावरची चरबी मिलिमीटरमध्ये दिसते. कापाकापी नाही, भूल नाही. मांसाचा हा गुण बापाकडून पिल्लात बऱ्यापैकी उतरतो म्हणून हा सगळा खटाटोप.

पण नुसता आकडा घेऊन काय करणार? समजा एकाची जाडी २८ आली अन दुसऱ्याची २५, तर पहिला भारी असं लगेच म्हणू नका, तो २० दिवसांनी मोठा असेल नाहीतर एकटा जन्मला म्हणून आईचं सगळं दूध त्यालाच मिळालं असेल आणि दुसरा बिचारा जुळ्यातला. तिकडं जन्मतारीख, वजन, बाप कोण, सगळं कॉम्प्युटरला देतात आणि एकत्र वाढलेल्या कोकरांचीच तुलना करतात. आपल्याकडं तारीख विचारली की "दिवाळीच्या आसपास" (रागावू नका, पण हेच उत्तर येतं).

तेव्हा आधी वजनकाटा घ्या. कानात बिल्ला, वहीत जन्मतारीख, एकटं का जुळं, ३ आणि ६ महिन्यांचं वजन, एवढं दोन वर्षं नीट लिहिलं तरी चांगला नर कोणता ते बरंच कळेल. माडग्याळमध्ये पोपटासारखं नाक बघून लोक लाखांत बोली लावतात, मशीनला नाक दिसत नाही आणि खाटीकही नाकाचे पैसे देत नाही.

सोनोग्राफी करायचीच असेल तर मेंढ्यांची करा, त्यात फायदा लगेच दिसतो. नर महिनाभर कळपात ठेवून बाहेर काढा, त्यानंतर ४५ दिवसांनी तपासणी, म्हणजे गाभण कोण, रिकामी कोण आणि पोटात एक का दोन हे कळतं. फार उशीर केला तर पिल्लं मोजता येत नाहीत. जुळंवाल्या वेगळ्या काढून शेवटचा दीड महिना त्यांना खुराक वाढवा, नाहीतर ऐन विण्याच्या तोंडावर मेंढी अशक्त होऊन खाली बसते. फक्त ४० मेंढ्या हाकत नेण्याआधी डॉक्टरांना फोन करून मशीन आहे का विचारा, आणि आदल्या रात्री चारा देऊ नका, पोट भरलेलं असलं की चित्र नीट दिसत नाही.