वाचकांचे प्रश्न : कीर्तनाच्या कॅसेटी आणि घरचा सीडी रेकॉर्डर

प्रश्न : काकांनी २००१ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेला सीडी रेकॉर्डर डेक माळ्यावर सापडला, चालू होतोय. आजोबांच्या कीर्तनाच्या नऊ कॅसेटी आहेत त्या सीडीवर घ्यायच्यात. पण दुकानातली कोरी सीडी घातली की डेक ती घेतच नाही. डेक बिघडलाय का? (एक वाचक, सांगली)

डेक बिघडलेला नाहीये, डिस्क चुकीची आहे. घरगुती ऑडिओ रेकॉर्डरला कंप्युटरची साधी सीडी-आर चालत नाही, त्याला म्युझिक सीडी-आर लागते, वर सीडीच्या लोगोत 'डिजिटल ऑडिओ रेकॉर्डेबल' असं छापलेलं असतं. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने अशा डेकवर आणि त्यांच्या कोऱ्या डिस्कवर संगीतवाल्यांसाठी रॉयल्टी लावली, म्हणून त्या डिस्कमध्ये कारखान्यातच एक खूण टाकलेली असते, डेक आधी ती खूण वाचतो आणि ती नसेल तर सरळ नाही म्हणतो. प्रोफेशनल डेकना ही अट नसते. म्युझिक डिस्क आता शोधावी लागते, जुन्या कॅसेट-सीडीच्या दुकानांत विचारा, आणि मिळाली तर त्यातच एक म्युझिक सीडी-आरडब्ल्यू पण घ्या, ती पुसता येते, पहिले दोनचार प्रयोग तिच्यावर करा म्हणजे चांगल्या डिस्क वाया जाणार नाहीत.

आता तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतोच, कारण नऊ कॅसेटी म्हणजे आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. लगेच रेकॉर्डिंगला बसू नका. आधी प्रत्येक कॅसेट उघड्या डोळ्यांनी बघा, मधल्या पत्र्यावरचा फेल्टचा छोटा तुकडा निखळला असेल तर आवाज दबका आणि वरखाली येतो, तो आधी बदलून घ्या. मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवा, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेली टेप सैल होते. कॅसेट डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाने पुसा, कापूस तपकिरी निघेल, पांढरा येईपर्यंत पुसा. आणि मूळ रेकॉर्डिंग डॉल्बीशिवाय असेल (घरगुती टेपवर बहुतेक तसंच असतं) तर डेकवरची डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर टाळांची सगळी धार जाते.

प्रश्न : सीडीवर रेकॉर्डिंगची लेव्हल किती ठेवायची? कॅसेटवर आम्ही काटा लालमध्ये जाऊ द्यायचो. (एक वाचक, नाशिक)

कॅसेटला ते चालायचं, टेप थोडी सोसून घेते. सीडीवर शून्य डेसिबल म्हणजे छत, त्याच्या वर काहीच लिहिलं जात नाही, लाटेचं टोक कापलं जातं आणि करकर येते, ती नंतर कशानेही जात नाही. कीर्तनात लोक इथेच फसतात. बुवा सुरुवातीला शांतपणे निरूपण करत असतात, आपण त्यावर लेव्हल लावतो आणि शेवटी गजराला टाळ-मृदंग चढला की सगळं फाटतं. म्हणून आधी गजर लावा. सगळ्यात जोराचा तुकडा काढून तिथे मीटरचं सगळ्यात वरचं टोक (पीक) उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल असं बटण फिरवा, आणि मग त्याला हात लावू नका. निरूपण हळू वाटलं तरी वाटू द्या, सीडीची रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) सुमारे ९६ डेसिबल आहे, कॅसेटची त्यापेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे थोडी जागा सोडली म्हणून काही हरवत नाही.

प्रश्न : ट्रॅक भलत्याच जागी तुटतात. आणि ९० च्या कॅसेटला सीडी पुरत नाही. (तेच वाचक)

ऑटो ट्रॅक बंद करा. दोनतीन सेकंद शांतता आली की गाणं संपलं असं डेक समजतो, आणि बुवा तर अभंगाच्या चरणानंतर मुद्दाम थांबतात! उलट टेपला खरखर जास्त असेल तर डेकला शांतता सापडतच नाही आणि अख्खी बाजू एकच ट्रॅक होते. मॅन्युअल ठेवा, शेजारी बसा, नमन संपलं की एकदा, पूर्वरंग संपला की एकदा, असं बटण दाबा. ९० च्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, डिस्क ७४ किंवा ८० ची, तर एका बाजूला एक डिस्क द्या. जागा उरेल, उरू द्या, गजर अर्ध्यात तोडण्यापेक्षा बरं.

प्रश्न : भरलेली सीडी डेकवर वाजते, गाडीत नाही. (एक वाचक, पणजी)

फायनलाइज (डिस्क बंद करायची शेवटची पायरी) केलं नाही म्हणून. तोवर ट्रॅकची यादी डिस्कवर तात्पुरत्या जागी असते आणि ती रेकॉर्डरलाच वाचता येते, फायनलाइज केल्यावर खरी अनुक्रमणिका लिहिली जाते. सीडी-आरवर त्यानंतर काही भरता येत नाही, म्हणून आधी सगळं एकदा ऐकून घ्या. फायनलाइजला काही मिनिटं लागतात आणि त्या काही मिनिटांत लाइट जाता कामा नये. माझ्या आईच्या ओव्यांची डिस्क अशीच गेली, दुपारभर बसून भरलेली, फायनलाइज चालू असताना लाइट गेली आणि नंतर डेक ती डिस्क ओळखेचना. कॅसेट जवळ होती म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसलो. तेव्हापासून डेक कंप्युटरच्या यूपीएसवर असतो.

प्रश्न : तयार डिस्कच्या भावंडांसाठी कॉपी काढायच्यात, डेक कॉपीची कॉपी करू देत नाही. (सांगलीचेच वाचक)

घरगुती डेकमध्ये तशी अटकाव करणारी सोय असते, एकीवरून दुसरी होते, दुसरीवरून तिसरी डिजिटल होत नाही. तुमचंच रेकॉर्डिंग आहे, फायनलाइज केलेली डिस्क कंप्युटरवर वेव्ह फाइल म्हणून काढा, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, म्हणजे ४५ मिनिटांना पावणेपाचशे. तिथून हव्या तेवढ्या करा. डिस्कवर स्टिकर लावू नका, पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा, कारण आवाज छापील बाजूच्या अगदी खाली असतो, ओरखडा तिकडूनच जास्त घातक. आणि नऊही कॅसेटी परत त्यांच्या डब्यांत, उन्हापासून आणि स्पीकरपासून लांब ठेवा.